मेल फोनवर आहे, संगणकावर नाही : घोळ कुठे होतो आणि तो कसा शोधायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक वाढली की सौद्यांची धांदल सुरू होते. अशाच दिवसांत एका अडत दुकानातून मला बोलावणे आले. खरेदीदारांचे मेल मधूनच गायब होतात, अशी तक्रार होती. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दिवसभर सौद्यात नाहीतर तासगावला बेदाण्याच्या लिलावात असतात आणि मेल फोनवर पाहतात. दिवाणजी तेच मेल दुकानातल्या संगणकावर पाहतात. दिवाणजी मेल पुसतात, असा अण्णांचा समज झाला होता. दिवाणजींना तो इतका लागला होता की त्यांनी मला बसायलाही न सांगता पहिले वाक्य उच्चारले, "साहेब, मी आजवर साधी वजनाची चिठ्ठी टाकून दिलेली नाही, मेल कशाला पुसू?"

मी अण्णांना एवढेच विचारले, की मेल नेमके कधी दिसेनासे होतात. थोडा वेळ आठवून ते म्हणाले, "रविवारी सगळे दिसतात बघा. सोमवारी दहाच्या सुमारास बघावं, तर फोन रिकामा." रविवारी दुकान बंद असते आणि सोमवारी साडेनऊला दिवाणजी संगणक चालू करतात. रोग इथेच कळला होता. पुढचे सगळे काम तो सिद्ध करून दाखवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे होते.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. फोन आणि संगणक एकमेकांशी जुळवून घेतात असे आपण म्हणतो, पण मेलच्या बाबतीत ते दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत. एके काळी बोलत असत. १९९६ साली बाजारात आलेला पाम पायलट हा हातात मावणारा छोटा संगणक किंवा नंतरचे विंडोज मोबाइलचे फोन वायरीने संगणकाला जोडावे लागत, आणि एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळली तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंकमध्ये तसा पर्यायच होता : संगणकाची नोंद खरी धरा, हातातल्या यंत्राची खरी धरा, नाहीतर निकाल न लावता तशीच ठेवा. पाम मात्र निवाडा करण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही नोंदी ठेवून देई, त्यामुळे एकाच माणसाचे दोन-दोन पत्ते साठत. आजचा फोन आणि आजचा संगणक दोघेही स्वतंत्रपणे तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हर नावाच्या कायम चालू संगणकावर, जाऊन येतात. दोघांत जे काही जुळते ते त्या तिसऱ्या जागेमुळे जुळते, आणि बिघडते तेही तिथे कोण काय करून गेले यामुळे. 'कोणते यंत्र बिघडले आहे' हा प्रश्न म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचा असतो. मेलची मूळ प्रत कुठे आहे आणि तिला हात लावण्याचा अधिकार कोणाकोणाला दिला आहे, हे विचारले तर उत्तर लवकर सापडते.

सर्व्हरवर जाऊन येण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत पॉप, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. तिचा पहिला मसुदा १९८४ चा आणि आज जिला आपण पॉप-थ्री म्हणतो ती तिसरी आवृत्ती १९८८ ची. तिचे सध्या लागू असलेले नियम १९९६ साली लिहिले गेले. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून आणि मिनिटांच्या हिशेबाने मिळे, सर्व्हरवर जागा थोडी असे, आणि एका माणसाकडे एकच संगणक असे. तेव्हा जोडणी करायची, आलेले सगळे मेल संगणकात उतरवून घ्यायचे, सर्व्हरवरची पेटी रिकामी करायची आणि जोडणी तोडायची, ही रीत अगदी शहाणपणाची होती. दुसरी पद्धत आयमॅप. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये आखली, म्हणजे वयाने ती पॉपपेक्षा फारशी लहान नाही, पण तिचा विचार निराळा आहे. तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतात. फोन आणि संगणक त्यांची फक्त प्रतिमा दाखवतात. तुम्ही एखादा मेल वाचला, हलवला किंवा पुसला की तो बदल सर्व्हरवर नोंदला जातो आणि दुसरे यंत्र तिथून तो उचलते.

दिवाणजींना मी हे हरिपूरच्या पेवांवरून सांगितले. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली पेवे खणून त्यांत हळद साठवत असत. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच निकामी झाली, पण यार्डातल्या जुन्या माणसांना ती चांगली आठवतात. पॉप म्हणजे पेव उघडून सगळी पोती आपल्या गोदामात आणून टाकणे. त्यानंतर दुसऱ्या कोणी कितीही वेळा पेवात डोकावले तरी त्याला रिकामी जमीनच दिसणार. आयमॅप म्हणजे माल पेवातच ठेवून प्रत्येकाने आपल्या वहीत त्याचा हिशेब ठेवणे. वही कोणाचीही असो, माल एकच. दिवाणजी लगेच म्हणाले, "म्हणजे रोज सकाळी पेव मीच उपसत होतो आणि अण्णा रिकाम्या पेवात बघत होते." याहून नेमके मला सांगता आले नसते.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. फोन किंवा संगणक यांपैकी कशालाही हात लावण्याआधी साधा ब्राउझर उघडून मेल कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जावे. तिथे जे दिसते ती सर्व्हरवरची खरी स्थिती असते आणि पुढचा सगळा तपास त्या एका पाहणीवर उभा राहतो. हरवलेला मेल तिथे दिसला, तर मूळ प्रत सुरक्षित आहे आणि दोष फक्त ज्या यंत्रावर तो दिसत नाही त्या यंत्राच्या मांडणीत आहे. तिथे तो नसेल, तर कोणीतरी तो तिथून उचलला आहे किंवा पुसला आहे, आणि मग कचरापेटी व स्पॅम हे दोन्ही कप्पे पाहून घ्यावेत. अण्णांच्या दुकानाचा मेल त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे दुकानाच्या नावाने घेतलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर, आहे. मी ब्राउझरमधून पेटी उघडली तेव्हा इनबॉक्समध्ये सकाळी दहानंतर आलेले अवघे तीन मेल होते. संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये मात्र आठ वर्षांचे, हजारोंनी.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक यंत्रावर खाते कोणत्या पद्धतीने जोडले आहे हे पाहणे. आउटलुक असो, थंडरबर्ड असो वा फोनमधले मेलचे ॲप, खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनकमिंग सर्व्हर' या नावाखाली ते लिहिलेले असते. तिथे पॉप किंवा आयमॅप हा शब्द सापडला नाही तर शेजारचा पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दाराने जायचे त्याचा, आकडा पाहावा : ९९५ किंवा ११० असेल तर पॉप, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. दुकानातल्या संगणकावर ९९५ होता आणि अण्णांच्या फोनवर ९९३. एकाच पेटीवर एकाने उपसायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, अशी ही जोडी होती. फोन बहुधा त्यांच्या भाच्याने नंतर जोडून दिला असावा, आणि नवीन फोन शक्य असेल तिथे आपणहून आयमॅप घेतात. संगणक जोडणाऱ्याने मात्र आठ वर्षांपूर्वीच्या सवयीने पॉप घातले होते, आणि अण्णांकडे मेलचा फोन नव्हता तोपर्यंत त्यात काही वावगेही नव्हते.

पॉपमध्येही 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन सर्व्हर', म्हणजे सर्व्हरवर एक प्रत राहू द्या, अशी खूण करायची सोय असते. अनेक जण ती खूण करून प्रश्न मिटला असे समजतात, पण तो अर्धाच मिटतो. एक तर आउटलुकमध्ये या खुणेच्या खालीच 'अमुक दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका' अशी दुसरी ओळ असते आणि तिथे बहुधा १४ हा आकडा आधीच भरलेला असतो. अशा दुकानातून जी तक्रार येते ती ओळखीची असते : "ताजे मेल दोन्हीकडे दिसतात, पण पंधरवड्यापूर्वीचा एकही फोनवर सापडत नाही." दुसरे असे की पॉपला 'वाचले' किंवा 'पाठवले' या गोष्टी सर्व्हरला सांगताच येत नाहीत. संगणकावर वाचलेला मेल फोनवर न वाचलेलाच राहतो, आणि संगणकावरून दिलेले उत्तर फोनच्या 'सेंट'मध्ये कधीच येत नाही. मग एकाच खरेदीदाराला दोघांकडून दोन वेगळे दर जातात. बाजारात यापेक्षा महाग चूक शोधावी लागेल.

पॉपची आणखी एक खोड कमी लोकांना माहीत असते. पॉपने कोणी पेटी उघडली की त्या जोडणीपुरती पेटीला कुलूप लागते आणि त्या वेळात पॉपनेच आलेल्या दुसऱ्या यंत्राला सर्व्हर परत पाठवतो. दोन संगणक दर पाच मिनिटांनी पॉपने मेल आणत असतील आणि त्यातला एक मोठी जोडपत्रे उतरवून घेत असेल, तर दुसऱ्यावर मधूनमधून 'मेलबॉक्स लॉक्ड' अशा अर्थाची चूक झळकते, पासवर्ड पुन्हा विचारला जातो, आणि माणूस बरोबर असलेला पासवर्ड बदलत बसतो. अशी चूक दिवसातून काही वेळाच येत असेल आणि आपोआप जात असेल, तर पासवर्डला हात न लावता आणखी कोण पॉपने येते ते शोधावे.

पॉपवरून आयमॅपवर जाताना घाई करणे धोक्याचे असते. जुने खाते काढून टाकून त्याच जागी नवे जोडावे असे मनात येते, आणि त्या एका क्लिकमध्ये आठ वर्षांचे मेल जाऊ शकतात, कारण पॉपच्या खात्यात मूळ प्रत संगणकातच असते. आउटलुकमध्ये ती पीएसटी नावाच्या फाइलमध्ये असते. ती आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावी, मग तेच खाते आयमॅप पद्धतीने शेजारी दुसरे म्हणून जोडावे, ते नीट चालते याची खात्री करावी, आणि त्यानंतरच जुन्या फोल्डरमधले मेल उचलून नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये ओढत न्यावेत. ओढताना एकदम दहा हजार नेऊ नयेत. वर्षावर्षाचे तुकडे करावेत. सर्व्हरवरच्या जागेचा हिशेबही आधी मांडावा लागतो. जीमेलच्या विनामूल्य खात्यात १५ जीबी जागा असते, पण ती फोटो आणि ड्राइव्ह यांच्यासह मिळून असते. डोमेनच्या स्वस्त मेलमध्ये ती त्याहून पुष्कळ कमी असू शकते, आणि पेटी भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात. गूगलच्या वर्कस्पेस, म्हणजे व्यवसायांसाठीच्या, खात्यात आयमॅपने दिवसाला सुमारे ५०० एमबीच वर चढवता येतात, म्हणून मोठे स्थलांतर एका रात्रीत होत नाही.

संगणकातच मूळ प्रत ठेवण्याचा दुसरा धोका सांगलीकरांना समजावून सांगण्याची गरज पडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा आयर्विन पुलावरचा पाणीपातळीचा आकडा सगळे शहर पाहत होते, पण टेबलाखालचा संगणक उचलून वर ठेवायचे अनेकांच्या लक्षात आले नाही. त्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या संगणकांपैकी ज्यांचे मेल आयमॅपवर होते त्यांचे एक अक्षरही गेले नव्हते; नवा संगणक घेऊन पासवर्ड घातला की सगळे परत आले. ज्यांचे पॉपवर होते त्यांच्या हार्ड डिस्क आम्ही वाळवत बसलो होतो, आणि त्यातल्या काहींचे काहीच हाती लागले नाही.

आयमॅपवर गेले म्हणजे सगळे विरोध, म्हणजे दोन यंत्रांत न जुळणाऱ्या नोंदी, संपतात असेही नाही. ते फक्त वेगळ्या जातीचे होतात. यांतला सर्वांत चमत्कारिक प्रकार मसुद्यांचा. आयमॅपच्या नियमांनुसार सर्व्हरवर एकदा ठेवलेल्या मेलचा मजकूर बदलताच येत नाही. बदलता येतात त्या फक्त त्याच्यावरच्या खुणा, म्हणजे वाचला, उत्तर दिले, पुसायचा आहे वगैरे. मग अर्धवट लिहिलेला मसुदा आपण रोज सुधारतो तो कसा? प्रोग्रॅम दर वेळी नवा मसुदा सर्व्हरवर ठेवतो आणि जुना पुसतो. आता असे समजा की दिवाणजींनी एका कोटेशनचा मसुदा अर्धा लिहून ठेवला, अण्णांनी तो तासगावच्या वाटेवर, रेंज नसलेल्या जागी, फोनवर उघडून दर बदलला, आणि त्याच वेळी दिवाणजींनी दुकानात त्याच मसुद्यात पोत्यांची संख्या दुरुस्त केली. दिवाणजींच्या संगणकाने जुना मसुदा पुसून आपला नवा ठेवला. अण्णांच्या फोनला रेंज आली तेव्हा त्यानेही आपला नवा मसुदा ठेवला आणि जुना पुसायला गेला, पण तो आधीच नव्हता. आता ड्राफ्टमध्ये दोन कोटेशने आहेत, एकात दर बरोबर आहे आणि एकात पोती, आणि ही दोन एकत्र करण्याचे काम कोणताही प्रोग्रॅम आपणहून करत नाही. यावर तांत्रिक इलाज नाही. एका मसुद्याला एकच माणूस हात लावेल असा दुकानातला रिवाजच लागतो.

पाठवलेल्या मेलचा घोळ याहून सामान्य आणि सुटायला सोपा आहे. एक प्रोग्रॅम पाठवलेले मेल 'सेंट' या फोल्डरमध्ये ठेवतो, दुसरा 'सेंट आयटम्स'मध्ये, आयफोन 'सेंट मेसेजेस'मध्ये, आणि सर्व्हरवर तिन्ही फोल्डर शेजारी शेजारी तयार होतात. कोणता फोल्डर कशासाठी हे सर्व्हरनेच सांगण्याची सोय २०११ मध्ये नियमांत आली, पण सगळे सर्व्हर आणि सगळे प्रोग्रॅम ती पाळत नाहीत. तेव्हा प्रत्येक यंत्रावर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाठवलेले, मसुदे आणि कचरा यांसाठीचे तीन फोल्डर हाताने सगळीकडे तेच निवडून द्यावेत. उलट पाठवलेल्या मेलच्या दोन-दोन प्रती दिसत असतील आणि खाते जीमेलचे असेल, तर कारण बहुधा हे असते की जीमेल आपल्या सर्व्हरमधून गेलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो आणि वर संगणकावरचा प्रोग्रॅमही एक ठेवतो; थंडरबर्डमधली प्रत ठेवण्याची खूण काढली की दुहेरीपणा थांबतो.

पुसण्यातही एक खाच आहे. आयमॅपमध्ये मेल पुसणे दोन टप्प्यांत होते : आधी त्याच्यावर 'पुसायचा' अशी खूण होते, आणि नंतर पेटी साफ करण्याचा आदेश गेला की तो खरोखर जातो. काही प्रोग्रॅम खूण झालेला मेल आडवी रेघ मारून दाखवत राहतात, काही तो लपवतात आणि बरेचसे फोन तो थेट कचरापेटीत हलवतात. त्यामुळे 'मी फोनवर पुसला तरी संगणकावर दिसतोच' ही तक्रार बहुतेक वेळा विरोधाची नसून दोन प्रोग्रॅमच्या दाखवण्याच्या तऱ्हेतल्या फरकाची असते. दोन्हीकडे 'पुसलेले मेल कचरापेटीत हलवा' हाच पर्याय ठेवावा.

कधी कधी एके दिवशी अचानक सगळे मेल नव्याने उतरायला लागतात, किंवा पॉपच्या खात्यात प्रत्येक जुन्या मेलची दुसरी प्रत येते. सर्व्हर प्रत्येक मेलला एक क्रमांक देतो आणि यंत्रे त्या क्रमांकावरून 'हा माझ्याकडे आहे' हे ओळखतात. कंपनीने पेटी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली की हे क्रमांक बदलू शकतात, आणि यंत्राच्या दृष्टीने सगळा माल नवा ठरतो. आयमॅपमध्ये यामुळे फक्त थोडा वेळ आणि डेटा जातो, कारण यंत्र आपली जुनी प्रतिमा टाकून नवी घेते. थंडरबर्डमध्ये अडकलेल्या फोल्डरसाठी 'रिपेअर फोल्डर' हे बटण हेच काम करते. पॉपमध्ये मात्र दुप्पट झालेले मेल हातानेच निवडून काढावे लागतात.

फोनच्या बाजूने दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर निम्म्या फेऱ्या वाचतात. अँड्रॉइडवरचे जीमेल ॲप ठरावीक दिवसांचेच, नेहमीच्या मांडणीत ३० दिवसांचे, मेल फोनमध्ये साठवून ठेवते. रेंज नसताना जुने मेल दिसले नाहीत तर ते गेले असे समजू नये. दिवसांचा आकडा वाढवावा. आणि बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये फोन ॲपला पार्श्वभूमीत चालू देत नाही, त्यामुळे संगणकावर आलेला मेल फोनवर अर्ध्या तासाने, ॲप उघडल्यावरच, येतो. हा विलंब आहे, विरोध नाही, पण सौद्याच्या वेळी या दोन्हींत फरक वाटत नाही हे मला मान्य आहे.

ऑफिसात आउटलुक आणि एक्स्चेंजचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसांसाठीच्या मेल सर्व्हरचे, खाते असेल, तर 'सिंक इश्यूज' नावाचा एक फोल्डर आणि त्याखाली 'कॉन्फ्लिक्ट्स' हा उपफोल्डर असतो. एकच भेट किंवा एकच पत्ता दोन्हीकडे बदलला गेला तर प्रोग्रॅम एक आवृत्ती पुढे ठेवतो आणि हरलेली दुसरी इथे टाकतो. ॲक्टिव्हसिंकच्या काळात माणसाने आधी ठरवून दिलेला निवाडा आता गुपचूप होतो, एवढाच फरक. आउटलुक वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हा फोल्डर कधी उघडलेला असतो, आणि हरवलेली दुरुस्ती बऱ्याचदा तिथेच सापडते.

पासवर्डचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण लोक त्याच्यापासून सुरुवात करतात. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी फक्त नाव आणि पासवर्डावर चालणारी जुन्या प्रोग्रॅमची जोडणी ३० मे २०२२ पासून बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्यामुळे एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि नव्या फोनवर मात्र सगळे सुरळीत असते. जीमेलसाठी दुहेरी पडताळणी चालू करून जुन्या प्रोग्रॅममध्ये घालायचा १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' घेता येतो. नाहीतर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्यावी. एका यंत्रावर पासवर्ड बदलला आणि दुसरे जुन्याच पासवर्डाने दर पाच मिनिटांनी दार ठोठावत राहिले, तर काही सर्व्हर ते खाते किंवा तो इंटरनेट पत्ता तात्पुरता बंद करतात, आणि मग दुकानातले कोणतेच यंत्र चालेनासे होते.

पासवर्ड बदलण्याचा एक उपयोग मात्र मी नेहमी करून घेतो. अण्णांच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी संगणकाचे खाते आयमॅपवर नेले, जुने मेल वर्षावर्षाचे वर चढवले, तिन्ही फोल्डर दोन्हीकडे जुळवून दिले आणि 'चाचणी १', 'चाचणी २' असे मेल पाठवून, वाचून, पुसून पाहिले. सोमवारी सकाळी दहा वाजता अण्णांचा फोन आला नाही, तेव्हा काम झाले असे वाटले. तो बुधवारी सकाळी आला. "आता दिवसभर सगळं दिसतंय, पण काल दुपारी आलेले दोन मेल आज दोन्हीकडे नाहीत. दिवाणजींनी संगणक कालच सातला बंद केला होता, मी स्वतः बघितलंय." दिवाणजींची बाजू ते स्वतःहून मांडत होते, हे ऐकून बरे वाटले. याचा अर्थ रात्रीच्या वेळी पेव उपसणारे आणखी कोणीतरी होते. मी खात्याचा पासवर्ड बदलला, फोनवर आणि दुकानातल्या संगणकावर नवा घातला, आणि अण्णांना सांगितले की आता घरी किंवा दुकानात जे यंत्र पासवर्ड मागेल ते मला कळवा.

रात्री पावणेनऊला त्यांच्या विश्रामबागच्या घरून मुलीचा फोन आला. दुकानातला जुना लॅपटॉप चार वर्षांपूर्वी तिला अभ्यासाला दिला होता. चालू केला की एक खिडकी आपोआप उघडते, मुलगी दर वेळी ती न बघता खाली ढकलून ठेवते, आणि आज ती खिडकी कसलातरी पासवर्ड मागते आहे. पोर्टचा आकडा वाचायला सांगितला, तर तिने वाचला, "नऊशे पंचाण्णव."